घोंगडीखालचा टीव्ही

शहागंजातल्या टीव्हीच्या दुकानात भर दुपारी एक धिप्पाड माणूस टीव्हीसमोर उकिडवा बसला आहे. डोक्यावरून काळी घोंगडी घेतली आहे, तिचं पुढचं टोक टीव्हीवर टाकलं आहे आणि त्या अंधारात तो वर्तमानपत्राची नळी एका डोळ्याला लावून चित्र बघतो आहे. बाहेरून फक्त त्याचे तळपाय दिसतात. मधूनच आतून आवाज येतो, "काळं काळं दिसंना. करडं दिसायलंय." हे माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आणि दुकानाच्या पायरीवर त्यांच्या वहाणा सांभाळत, ओळखीचं कोणी इकडे फिरकू नये अशी मनात प्रार्थना करत उभा आहे तो मी.

माझ्याकडे स्कूटर होती, एवढाच माझा गुन्हा. चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी कारकुनी करायचो आणि सुटीचा दिवस उजाडला की दाजी दारात हजर असायचे. खांद्यावर घोंगडी, बगलेत वर्तमानपत्र. "पाव्हणं, निघायचं का?" कुठं, हे विचारायची सोय नव्हती. टीव्ही बघायला. घ्यायला नाही, बघायला. घेणं आणि बघणं यांत त्यांच्या लेखी केवढं अंतर होतं ते मला पुढे कळत गेलं आणि माझ्या डोक्याचा भुगा होत गेला.

आमच्या वडिलांचं शहागंजच्या एका बोळात घोंगड्यांचं लहानसं दुकान होतं. मागच्या अंगाला टॉकीज. भिंतीपलीकडून गाणी ऐकत अक्का मोठी झाली आणि शेजारणींबरोबर मॅटिनीला जाऊन तिने इतके सिनेमे बघितले, की संध्याकाळी आम्हा भावंडांना ती एकटीच सगळ्यांची कामं करून अख्खा सिनेमा दाखवायची. दाजी मात्र वाळूजकडच्या मेंढपाळाच्या घरातले. औद्योगिक वसाहत आली, तशी चराईची रानं कुंपणात गेली, त्यांच्या वडिलांनी कळप विकला आणि दाजी एका कारखान्यात मशिनीवर लागले. गारखेड्याला घर बांधलं. कळप गेला तरी कळपाची सवय गेली नाही. रस्त्यात कुठं दोन शेळ्या दिसल्या तरी ते मला स्कूटर थांबवायला लावायचे आणि उगाच त्यांच्या मालकाशी बोलत बसायचे.

अक्काला पूर्वीपासून तिन्हीसांजेनंतर कमी दिसायचं. घरात कोणी फार मनावर घेतलं नव्हतं. मग एकदा टॉकीजच्या अंधारात तिची पायरी चुकली, पडली आणि हात मोडला. हात बसवायला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी डोळेही तपासले. डोळ्याचा मागचा पडदा सुकत चालला आहे, म्हणाले. आधी कडेचं दिसणं जाईल, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरेल, पुढे तेही जाईल. औषध नाही. किती दिवसांनी, ते सांगता येत नाही. परत येताना रिक्षात अक्काने मोडका हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी शिनेमा गेला माझा." दाजी बाहेर बघत म्हणाले, "कुठं जातोय? घरातच थेटर करू की."

रंगीत टीव्ही तेव्हा शहरात नुकते नुकते आले होते. व्हिडिओ भाड्याने मिळायचा, कॅसेटी मिळायच्या. म्हणजे टीव्ही तेवढा आणला की झालं, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटलं असतं. दाजींनी आधी खोली केली. मागच्या खोलीची खिडकी विटांनी बुजवली, भिंतींना गडद निळा रंग दिला, एका टोकाला टीव्हीसाठी टेबल आणि दुसऱ्या टोकाला अक्कासाठी बाज टाकली. दार लावलं की भर दुपारी स्वतःचा हात दिसत नसे. थेटर तयार झालं, फक्त त्यात टीव्ही नव्हता. वर्षभर त्या थेटरात कांदे राहिले. अंधारात ते छान टिकले, हे मला कबूल केलं पाहिजे.

दाजींच्या घराण्यात जनावर एका भेटीत घ्यायची रीत नव्हती. सकाळी उपाशी कसं असतं ते बघायचं, दुपारी उन्हात बघायचं, चालून दमल्यावर बघायचं, आणि मालक समोर नसताना एकदा बघायचं. हीच रीत त्यांनी टीव्हीला लावली. एकच टीव्ही ते सकाळी बघायचे, मग परत दुपारी. तासभर चालू ठेवून त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. "तापट हाय," असं म्हणून एक चांगला टीव्ही त्यांनी माझ्यादेखत नाकारला. दुसऱ्याला मागून बघून नाकारला. कारण विचारलं तर म्हणाले, "बांधा बरा नाय." मी कपाळाला हात लावला.

या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा आवाजाचा नियम. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर पहिलं वाक्य ठरलेलं, "आवाज बंद करा." का, तर बाजारात व्यापारी बोलायला लागला की जनावराचा पाय लंगडा आहे हेही दिसेनासं होतं. "माझा आज्जा बाजारात कानात लोकर घालून हिंडायचा," ते मला सांगत. "नुसत्या डोळ्यानं घ्यायचं. ऐकलं की फसलं." मी एकदा म्हटलं, "दाजी, व्यापाऱ्याचं बोलणं वेगळं आणि टीव्हीचा आवाज वेगळा. टीव्हीचं कामच बोलायचं आहे." त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने बघितलं, की मी आजवर फसतच आलो असणार याची त्यांना खात्री पटली असावी.

दुकानदार हमीदभाई. वडिलांच्या ओळखीचे, म्हणून आम्हाला बाहेर काढत नव्हते. दुसऱ्या कुणी केव्हाच काढलं असतं. पहिल्या वेळी त्यांनी चहा मागवला. पुढे पुढे आम्हाला बघितलं की ते स्वतःच उठून पंख्याखाली जाऊन बसायचे. "मियाँ, ये टीव्ही है, बैल नै है," ते काकुळतीला येऊन म्हणायचे. दाजी घोंगडीच्या आतून उत्तर द्यायचे, "मालूम है. बैल होता तो दात देखता." गिऱ्हाइकं थांबून बघायला लागायची. एक जण मला हळूच विचारून गेला, की यांना काही झालंय का.

ती नळी मात्र वेगळी होती. तिच्याबद्दल मला हसू आलं नाही, कधीच नाही. अंधारासाठी घोंगडी आणि अक्काच्या नजरेसाठी नळी. दुकानाकडे निघण्याआधी दाजी तिला उंबऱ्यात बसवून, समोर स्वतःचे दोन्ही हात पसरून विचारायचे, "आता किती दिसतंय?" ती म्हणायची, "तुमचं तोंड दिसतंय, हात नाय दिसत." मग ते वर्तमानपत्राची गुंडाळी करून तेवढंच दिसेल अशी नळी करायचे आणि तीच नळी घेऊन दुकानात यायचे. तिला जेवढं दिसतं तेवढ्यातूनच टीव्ही बघायचा. मोठ्या पडद्याचा टीव्ही त्यांनी का नाकारला ते मला तेव्हा उमजलं. तो त्या नळीत मावत नव्हता.

पण याच कारणाने माझा जीव जास्त जळायचा. दर खेपेला ती नळी थोडी बारीक झालेली असायची. हे त्यांनाही दिसत होतं, गुंडाळणारे तेच होते. तरी यांचं आपलं चालूच, काळं करडं दिसतंय, लाल अंगावर येतोय, बांधा बरा नाही. मी एकदा भर रस्त्यात स्कूटर थांबवून बोललो. "दाजी, तुमचं पारखून होईपर्यंत तिला काही दिसायचं राहणार नाही. कसलाही आणा, पण आणा." ते खाली उतरले. घोंगडीची घडी नीट केली. "आणायचा तो शेवटचा हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "तिला दुसरा बघायला मिळायचा नाय. म्हून चुकून चालंना." आणि पुन्हा मागे बसले. मी किक मारली.

दाजींच्या कारखान्यात त्यांच्याच पाळीला साळवे नावाचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आला होता. दाजींना त्याचा सुगावा लागल्यावर साळव्यांच्या घराचं काय झालं असेल ते मी सांगायला नको. "दुकानातलं जनावर पाव्हण्यासारखं वागतं," दाजींचं म्हणणं. "घरात कसं राहतं ते बघाय पायजे." पहिली पाळी सुटली की दाजी घोंगडी घेऊन साळव्यांकडे. साळव्यांच्या घरात तोवर टीव्ही गुण्यागोविंदाने चालत होता, दाजींनी त्यातले दोष दाखवायला सुरुवात केली. साळवे शांत माणूस. ते नुसते म्हणायचे, "अहो, आम्हाला आवडतो तो. सोडा की त्याला."

नामांतराचं वातावरण तेव्हा पुन्हा तापलं होतं. विद्यापीठाचं नाव बदलावं ही मागणी बरीच जुनी झाली होती आणि तिच्यापायी मराठवाड्यातल्या खेड्यांत माणसांनी काय भोगलं, कुणाकुणाची घरं जळली, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आमच्या ऑफिसात चहाचे दोन घोळके झाले होते. कालपर्यंत एका बशीतून भजी खाणारी माणसं एकमेकांना कोरडं 'नमस्कार' म्हणायला लागली होती. साळवे नामांतराच्या बाजूने उघड कामाला लागलेले. अशा दिवसांत दाजींचे चुलतभाऊ गावाकडून गारखेड्याला आले. मी तिथेच होतो. थोरला म्हणाला, "खंडू, तू त्येंच्या घरात बसतूस, खातूस म्हनं. दिवस कसलं हाईत, कळतंय का?"

"टीव्ही बघायला जातो," दाजी म्हणाले. "अजून पुरता बघून झाला नाय."

"झाल्यावर?"

"झाल्यावर बी जाईन. त्येंच्या घरी अंधार चांगला पडतो."

भाऊ न जेवता गेले. गावात दाजींच्या नावाने बरंच बोललं गेलं, पुढे एका लग्नाचं आवतणही आलं नाही. दाजींना त्याचं वाईट वाटलं, चार दिवस ते कमी बोलले. पण पाळी सुटली की पाय साळव्यांच्या घराकडेच वळायचे.

अखेर हमीदभाईंकडचा एक टीव्ही दाजींना बरा वाटू लागला. "पसंत हाय" असं ते अजून म्हणत नव्हते, पण त्याच्यात खोडही काढत नव्हते. मी देव पाण्यातून काढायच्या तयारीत होतो. आणि त्याच आठवड्यात साळव्यांनी सत्याग्रह केला. शेकडो जणांना धरलं, साळव्यांची रवानगी हर्सूलच्या तुरुंगात झाली, आणि शहर बंद. शहागंजची शटरं खाली. शटरं वर झाली तेव्हा मी दाजींना घ्यायला गेलो, तर म्हणाले, "साळवे येऊ द्या."

"साळव्यांचा आणि टीव्हीचा काय संबंध?"

"त्येंच्या घरात बसून मी पारखाय शिकलो. आता त्येंला आत टाकलंय आणि मी बाजारात जाऊन टीव्ही आणू?"

माझा तोल गेला. मी म्हटलं, अक्काचे डोळे काही सरकार आणि सत्याग्रही यांची वाट बघत थांबणार नाहीत. उत्तर अक्काने दिलं, उंबऱ्यात बसल्या बसल्या, लसूण सोलत. "थांबू दे त्येंला. ती माणसं आत आसताना मला बी गोड लागायचा नाय शिनेमा." दोघं एकत्र झाल्यावर माझ्यासारख्याने काय करायचं? मी कांद्यांच्या थेटरात जाऊन उभा राहिलो आणि थोडा वेळ अंधाराकडे बघत राहिलो.

मग सुटीच्या दिवशी शहागंजऐवजी हर्सूल सुरू झालं. मुलाखतीच्या रांगेत दाजी घोंगडीसकट उभे, शिपाई ती घोंगडी झटकून झटकून बघतो आहे, आणि मी मागे दात ओठ खात. जाळीपलीकडे साळवे आले. वाळले होते. आजूबाजूला बायामाणसं रडत होती, कोणी वकिलाचं विचारत होतं. दाजींनी जाळीला तोंड लावलं आणि विचारलं, "साळवे, तुमचा टीव्ही तासाभरानं वरच्या कोपऱ्यात हिरवा पडायलाय. आधीपास्नं हाय, का आमच्याकडनं काय झालं?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण साळवे जाळीला धरून हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "आधीपासूनच आहे," ते म्हणाले. "तुम्हाला कळू नये म्हणून मी तासाआधीच बंद करायचो." मग दाजींनी सांगितलं, दळण आणून दिलंय, रॉकेल मिळालंय, आईचा खोकला कमी आहे. टीव्ही बघायला म्हणून ते रोज त्या घरी जात होते आणि जाता येता ही कामं करत होते. पुढे साळवे मला म्हणाले, आत असताना जो भेटे तो पुढचं विचारायचा, लढ्याचं काय, खटल्याचं काय. टीव्हीचा हिरवा कोपरा विचारणारा हा एकच माणूस. त्या कोपऱ्यावरून त्यांना अख्खं घर डोळ्यांपुढे यायचं.

साळवे सुटले. त्यांना दोन दिवस घरचं जेवण जेवू दिलं आणि मग आम्ही सगळे शहागंजात गेलो. या वेळी अक्काही होती. नळी आता एवढी बारीक झाली होती की दाजींनी ती घरीच ठेवली. "आता तुझं तूच बघ," ते म्हणाले. त्यांनी तिला टीव्हीसमोरच्या स्टुलावर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि दोघांवरून घोंगडी ओढली. भर बाजारात नवराबायको एका घोंगडीत. रस्त्यावर ही गर्दी जमली. हमीदभाई एरवी पंख्याखाली बसायचे, ते उठून दारात उभे राहिले आणि हात पसरून लोकांना म्हणाले, "चलो, चलो. कायकू खडे हो? बीमार का मामला है."

आत दाजींनी बटणं फिरवल्याची कटकट ऐकू आली. मग अक्काचा आवाज आला, "हिच्या साडीचा काठ दिसला मला. जरीचा हाय." घोंगडी टीव्हीच्या आणखी जवळ सरकली. "हाच घ्या," ती म्हणाली.

"भाभी, एक बार आवाज भी सुन लो," हमीदभाई म्हणाले.

"आवाज नको," दाजी घोंगडीतून म्हणाले.

कांदे बाहेर निघाले, टीव्ही आत गेला. पहिला सिनेमा लावला तेव्हा साळवे कुटुंबासह आले होते, मी होतो. चित्र खरोखर देखणं होतं. काळं काळं होतं. आणि आवाज पत्र्याच्या डब्यात बसून कोणीतरी बोलावं तसा. नायक बोलला की फटफट, गाणं लागलं की चरचर. मी दाजींकडे बघितलं. ते अक्काकडे बघत होते. ती बाजेच्या कडेवर पुढे सरकून, मान किंचित हलवत पडद्याचा तुकडा तुकडा वेचत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. मग मी आवाजाचं काही बोललो नाही. त्यानंतर बरेच महिने दुपारच्या वेळी गारखेड्याच्या त्या खोलीत सिनेमे लागत राहिले. तिने जुने सगळे पुन्हा बघितले. तेवढे दिवस तिला मिळाले.

नंतर काठ दिसेनासा झाला, मग साडी, मग बाई. एका दुपारी अक्का म्हणाली, उजेड हाय एवढं कळतंय, बाकी काय नाय. आणि तेव्हा त्या घराच्या ध्यानात आलं की आता तिच्याजवळ उरला तो फक्त आवाज. वर्षभर दुकानं पालथी घालून, घोंगडी पांघरून, नळ्या करून या माणसाने जो टीव्ही निवडला होता, त्यात उरण्यासारखं तेवढंच एक होतं आणि तेवढंच त्याने बघितलं नव्हतं. दाजी टीव्ही खांद्यावर घेऊन हमीदभाईंकडे गेले. त्यांनी बाहेरून एक स्पीकर जोडून बघितला, तर घुमायला लागला. दुसरा जोडला, तर शिट्टी. हमीदभाई चिडले नाहीत. "मियाँ, मैं तबीच बोला था," ते हळूच म्हणाले, "एक बार कान से भी देखो." दाजी नुसते मान हलवत होते. या माणसावर इतकी वर्षं मी चिडत आलो होतो, पण त्या दिवशी चिडावंसं वाटेना. मला फार वाईट वाटलं.

पुढचे काही दिवस थेटर बंद राहिलं. मग अक्कानेच विषय काढला. "लावा की तो शिनेमा."

"तुला काय दिसतंय आता. आणि आयकू बी येत नाय धड."

"मग तुमी सांगा."

असं दाजींचं सांगणं सुरू झालं, आणि माझ्या डोक्याचा ताप नव्याने. कारण दाजींना सिनेमा कळतच नव्हता. मारामारी कोणात आणि कशापायी, भाऊ कोणता आणि चोर कोणता, याच्याशी त्यांचं देणंघेणं नसे. ते सांगायचे ते मागचं. "मागं टेकडी हाय. बाभळी हाईत. मेंढरं उतरायलीत खाली, कुत्रं पुढं हाय." पुढे नायिका हंबरडा फोडते आहे आणि हे आपले मेंढरांवर. मी म्हणायचो, "दाजी, ती रडते आहे, ते सांगा." त्यावर ते म्हणायचे, "रडायली ते आयकू येतंय की तिला. टेकडी कुठं आयकू येती?" आणि मेंढरं? पडद्यावर मेंढरं नसायचीच. मी डोळे फाडून बघायचो. नुसती टेकडी असायची, कधी तीही नसायची. अक्काला दिसत नाही म्हणून हा माणूस बिनदिक्कत सिनेमात मेंढरं घालतो आहे, आणि ती बिचारी "मग?" म्हणत ऐकते आहे, याचा मला संताप यायचा. पण तिच्यासमोर कसं बोलणार? मी उठून स्वयंपाकघरात जायचो. आतून ऐकू यायचं, "आता एक कोकरू मागं राह्यलंय."

विद्यापीठाचं नाव पुढे बदललं. साळव्यांनी पेढे आणले, दाजींनी एक साळव्यांच्या तोंडात घातला आणि एक टीव्हीवर ठेवला. तोच टीव्ही अखेरपर्यंत राहिला. त्याच्या चित्राला नंतर रेघा पडल्या, पण तो बदलायचं कोणी नाव काढलं नाही. दाजी गेले ते झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. आयुष्यात त्यांनी वेळ न लावता केलेली ती एकच गोष्ट. घोंगडी अक्काने कुणाला दिली नाही.

मागच्या वर्षी अक्काच्या मुलाने, माझ्या भाच्याने, मागची खोली नव्याने करायला काढली. भिंतभर टीव्ही, चारी कोपऱ्यांत स्पीकर, सगळं. निवडायला मला बरोबर नेलं. जालना रोडवरचं गारेगार शोरूम, टाय लावलेला तरुण, त्याने धडाधड बटणं दाबून समुद्र, वाघ, फुलं दाखवली. मी म्हटलं, "चित्र बंद करा." त्याला वाटलं मी चुकून बोललो. मी पुन्हा म्हटलं, "चित्र बंद करा, नुसता आवाज लावा," आणि खुर्चीत डोळे मिटून बसलो. मग दुसऱ्या टीव्हीसमोर, मग तिसऱ्या. पुन्हा पहिल्यासमोर. संध्याकाळी परत येऊन बघू, असंही मी म्हणालो. डोळे उघडले तेव्हा भाचा दाराशी उभा होता, माझ्या चपला हातात घेऊन, रस्त्याकडे बघत.

टीव्ही बसला, तेव्हा अक्काला बाजेवर मधोमध बसवलं. आवाज काय सांगू, नायक खोलीत फिरतो आहे असं वाटावं. अक्काने थोडा वेळ ऐकलं. "चांगला हाय रे आवाज," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मागं काय हाय?"

सिनेमा समुद्रावरचा होता. होडी होती, पाणी होतं, वर आभाळ. मी सांगितलं, होडी आहे, पाणी आहे, आभाळ आहे. अक्काचा हात बाजेवर घडी करून ठेवलेल्या घोंगडीवरून फिरत होता. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "आणि काठावर मेंढरं आहेत."

अक्का हसली. बऱ्याच दिवसांनी एवढी हसली. "तुला बी सांगता येत नाय," ती म्हणाली. "समुद्रावर कुठली आलीत मेंढरं? त्येंच्या परतेक शिनेमात असायची. घरातला शिनेमा असला, तरी खिडकीतनं दिसायची. मला काय कळत नव्हतं व्हय?"

पडद्यावर होडी चालली होती.

"बोल की," अक्का म्हणाली. "कुत्रं पुढं हाय का मागं?"